हिरामणरावांचं पुढचं डावं चाक

हिरामणराव गायधनींच्या फियाटचं पुढचं डावं टायर तिसऱ्यांदा झिजलं, तेव्हा मंगलाबाईंनी घोटीला फोन करून आपल्या भावाला बोलावून घेतलं. दोन वर्षांत तीन टायर, आणि तेही एकाच चाकाचे! बाकीची तीन चाकं ठणठणीत.

"गाडीतच खोट आहे," मंगलाबाई म्हणाल्या. "रविवारी यादव येतोय. तोवर कारण सापडलं तर ठीक, नाहीतर तो गाडी विकत घेऊन जाईल."

गाडी जाणं हिरामणरावांना सोसणार नव्हतं. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं काढलेला हा माणूस. चारचौघांत बोलायची वेळ आली की ते चष्मा पुसत बसत. पण पहाटे गाडी गंगापूर रोडला लागली आणि काचा वर झाल्या, की ते मोठ्याने गात. बेसूर गात. मनात येईल ते मोठ्याने करावं अशी त्यांना जगात तेवढी एकच जागा होती.

गॅरेजवाल्याने दोनदा अलाइनमेंट करून पाहिली. मग त्याने विचारलं, "साहेब, डाव्या बाजूला वजन जास्त येतं का?" हिरामणरावांनी शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहणं कटाक्षाने टाळलं. पण ते पाहत नाहीत, हे मंगलाबाईंनी पाहिलं. त्या दिवशी घरी भाजीत मीठ नव्हतं.

रविवारी यादव आला. आल्या आल्या त्याने हॉर्न वाजवून पाहिला, ड्रायव्हरची सीट आपल्या पायांच्या बेताने मागे सरकवली आणि आरशात स्वतःच्या मिशा पाहून घेतल्या. शेवटचा उपाय म्हणून तिघं पेठ नाक्यावर लंकाबाईंच्या पंक्चरच्या दुकानात गेली. बहीणभाऊ समोर चहाला गेले आणि हिरामणराव एकटेच गाडीपाशी उरले.

लंकाबाईंनी टायरवरून तळवा फिरवला. "दोन्ही कडा गुळगुळीत, अन् मधली नक्षी नव्यावानी. काका, यात हवा कमी हाय. हवा कमी असली की टायर कडांवर चालतं."

"शक्यच नाही!" आपण इतक्या ठामपणे बोललो याचाच हिरामणरावांना धक्का बसला. आवाज खाली आणत ते म्हणाले, "म्हणजे... मी रोज तपासतो हो. तीनदा."

"तीनदा? कसं तपासता? दाखवा बरं."

हिरामणरावांनी खिशातून हवा मोजायचा पेनसारखा गेज काढला आणि चाकापाशी उकिडवे बसून व्हॉल्व्हवर टेकवला. फुस्स. सोळा. आकडा कमी वाटला. आपल्यालाच नीट वाचता आलं नसेल, म्हणून त्यांनी चष्मा पुसून पुन्हा टेकवला. फुस्स. पंधरा. मग तिसऱ्यांदा. फुस्स.

"आणि मग तिन्हींची सरासरी काढतो," त्यांनी डायरी उघडत सांगितलं.

"बाकीच्या चाकांचीबी?"

"नाही. हेच एकदा पंक्चर झालं होतं. तेव्हापासून याची काळजी वाटते. बाकीच्यांवर विश्वास आहे."

"अन् भरता कवा?"

"पेट्रोल घेतलं की. महिन्यातून एकदा. नुसतीच हवा मागायला बरं वाटत नाही."

लंकाबाई मांडीवर हात मारून हसत सुटल्या. "अवो काका, रोज तीन घोट हवा तुमीच काढून घेता की याची! काळजी केली नसती तर हेबी त्या तिघांसारखंच टिकलं असतं!"

तेवढ्यात एक ट्रक आला आणि लंकाबाई तिकडे वळल्या. समोरून मंगलाबाई आणि यादव रस्ता ओलांडत होते. हिरामणरावांनी डायरी मिटली. सांगितलं तर सासुरवाडीत जन्मभराचं हसं. नाही सांगितलं तर गाडी घोटीला.

"सापडलं का काही?" मंगलाबाईंनी विचारलं.

"सापडलं," हिरामणराव चाकाकडे बघत म्हणाले. "हवा मीच सोडत होतो." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, सरासरीसकट.

यादव इतका हसला की ट्रकचा क्लीनर वाकून बघायला लागला. "दाजी! अहो दाजी! हे मी भातगिरणीवर सगळ्यांना सांगणार!"

मंगलाबाई हसल्या नाहीत. "म्हणजे गाडीत काहीच खोट नाही?"

"नाही. माझ्यात आहे."

"ते मला लग्नापासून ठाऊक आहे. ती काही विकता येत नाही." त्या भावाकडे वळल्या. "यादव, तुला जाताना आम्ही स्टँडवर सोडतो."

यादवचं हसू जागच्या जागी थांबलं. "अगं ताई, पण मी घरी सांगून आलोय! गाडीच्या पूजेसाठी हार आणून ठेवलाय बायकोनं."

"मग देवाला घाला."

हिरामणरावांनी घाईघाईने मागचं दार उघडून धरलं. मेहुण्यासाठी एवढी तत्परता त्यांनी आजवर कधीच दाखवली नव्हती.