माझी उत्तरेची बाजू

मी एक जुना जियावुल आहे. मला नुसतं ‘निवडुंग’ म्हणून हाक मारलीत, तर मी ओ देणार नाही. मित्रांनो, तुम्हाला कुणी ‘ए माणूस’ अशी हाक मारली तर चालेल का? मग आम्हीच काय घोडं मारलंय?

आमच्या टेकडीवर या आणि डोळे उघडून बघा. हात वर करून उभा आहे तो हाशान. त्याची लाल फळं काढल्याशिवाय या वाळवंटात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या ओ’ओदम माणसांचा उन्हाळा सरत नाही. तळहाताला तळहात जोडत पसरलाय तो नव. लांबून लोकरीसारखी मऊ दिसते ती हनम, पण तिला मऊ समजून जवळ गेलेला माणूस रडतच परत येतो. झुडपाच्या सावलीत अंगठ्याएवढा एक जण बसलाय. तो वर्षभर कुणाच्या खिजगणतीत नसतो आणि फुलला की डोक्याभोवती गुलाबी फुलांचं कडं घालून मिरवतो. इथली माणसं आम्हा प्रत्येकाला वेगळ्या नावाने ओळखतात. बाहेरून येणाऱ्यांना मात्र आम्ही सगळे सारखेच. त्यांना फक्त काटे दिसतात.

मी रांजणासारख्या पोटाचा आहे. माझे काटे गळासारखे वाकडे आहेत. या पोटात पिण्याचं पाणी असतं, अशी थाप कुणीतरी मारून ठेवली आहे. तिच्यापायी माझ्या कितीतरी भावंडांची डोकी उडवली गेली. मूर्खांनो, तो आंबट, चिकट रस आहे. पिऊन बघा, म्हणजे पोट धरून बसाल.

एका काटेरी झुडपाच्या सावलीत मी उगवलो आणि हळूहळू त्याच्या बाहेर आलो. वाढताना मी दक्षिणेला कलत गेलो. माझी दक्षिणेची बाजू ऊन खाऊन राठ झाली. उत्तरेची बाजू मात्र कोवळीच राहिली, कारण तिने कडक ऊन कधी सोसलंच नव्हतं. हरवलेली गुरं शोधणारे लोक माझा कल बघून दिशा ठरवत. ‘हा झोपेतही दक्षिण विसरत नाही,’ असं टेकडीखाली राहणाऱ्या डेल्फिनाचे वडील म्हणायचे. डेल्फिना दर वसंतात हनमच्या खायच्या कळ्या वेचायला यायची आणि माझ्याशेजारी टोपली टेकवून पाणी प्यायची. मला ते फार आवडायचं.

मग एका वसंतात एक टोपीवाला आला. त्याने माझ्या गळ्यात दोर घातला, मुळं तोडली आणि मला ओढत नेऊन गाडीत टाकलं. गाडीत माझ्यासारखे आणखी बरेच होते. शहरातल्या बंगल्यांपुढे आम्हाला शोभेला लावायचं होतं. आपल्याच पायांवर उभ्या असलेल्याला उपटायचं आणि त्याला शोभा म्हणायचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मला हात नाहीत.

हनमने मात्र आपलं काम केलं. मला गाडीत चढवताना टोपीवाला मागे सरकला आणि थेट तिच्यावर बसला. थोडं अंतर त्याने कसंबसं कापलं. मग रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून, विजार गुडघ्यापर्यंत खाली करून तो बोंबलायला लागला. हनमचा तुकडा हाताने काढायला गेलं तर तो हातालाही धरतो. तो कंगव्यानेच काढावा लागतो, म्हणून इथल्या प्रत्येकाजवळ कंगवा असतो.

तेवढ्यात डेल्फिना तिच्या धाकट्या भावाच्या, अँब्रोसच्या ट्रकमधून तिथे आली.

‘‘कंगवा आहे का हो तुमच्याकडे?’’ टोपीवाला रडकुंडीला आला होता.

‘‘आहे की,’’ डेल्फिना खिडकीतूनच म्हणाली. ‘‘आधी गाडीतलं सगळं खाली उतरव.’’

‘‘अहो बाई, काटेरी झुडपं तर आहेत ही! तुमच्याकडे ढिगाने पडलीत.’’

‘‘मग मागे चिकटलंय तेही राहू दे. ढिगातलंच आहे ते.’’

अँब्रोस स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटला. टोपीवाल्याने विव्हळत आम्हाला एकेक करून उतरवलं, तेव्हा कुठे त्याला कंगवा मिळाला.

बाकीच्यांना टेकडीवर नेऊन लावलं. मी जड होतो, म्हणून अँब्रोसने मला बहिणीच्या घराशेजारी आणलं. तुटलेली मुळं सावलीत सुकू दिली, हाताने खड्डा खणला आणि माझं तोंड पूर्वेला करून मला लावलं. इथे घराचं दार पूर्वेला असतं. मी दक्षिणेला बघणारा आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! पण घरी आलेल्याला घराच्या रीतीने बसवावं, एवढंच त्या वेळी त्याच्या डोक्यात होतं.

‘‘बस बाबा. आता रोज सूर्य उगवताना बघ,’’ तो लाडाने म्हणाला.

तोंड पूर्वेला झालं, तशी माझी उत्तरेची कोवळी पाठ पश्चिमेला गेली. पश्चिमेचं ऊन कसं असतं ते वाळवंटातल्या दगडांना विचारा. रोज दुपारी मी भाजत होतो. पाठ आधी पिवळी पडली, मग पांढरी, मग तपकिरी. चोराचा मला राग आला होताच, पण अँब्रोसचा जास्त आला. चोर मला ओळखत नव्हता. हा ओळखत होता.

एका संध्याकाळी डेल्फिना माझ्या मागच्या बाजूला आली आणि तिथूनच ओरडली, ‘‘अँब्रोस! काय करून ठेवलंस हे? पाठ भाजली त्याची!’’

अँब्रोस धावत आला. बघून त्याचा चेहरा उतरला. ‘‘फिरवतो ना ताई. फावडं घेऊन येतो.’’

‘‘खबरदार! आत्ता कुठे मुळं धरतायत. परत उपटलंस तर मरेलच तो.’’

‘‘मग काय, छत्री धरून उभा राहू?’’

‘‘राहा उभा! चोराने ओढून नेलं त्याला, आणि तू लाडाने जाळलंस.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी अँब्रोसने आपला ट्रक माझ्या पश्चिमेला आणून उभा केला. ट्रकची सावली माझ्या पाठीवर पडली. मग तो रोजच दुपारी ट्रक तिथे लावू लागला. दुकानापुढे बसणाऱ्या मित्रांनी त्याची चेष्टा केली.

‘‘काय अँब्रोस, दुपारचा दिसत नाहीस हल्ली?’’

‘‘गाडी कामावर असते,’’ तो म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात मी मेलो नाही. पुढे काही वर्षांनी ट्रक माझ्याशेजारीच बंद पडला, आणि अँब्रोसने तो कुणाला हलवू दिला नाही. आता त्याचे टायर गेलेत, काचा गेल्यात, पण सावली अजून पडते. माझा शेंडा पुन्हा दक्षिणेला वळलाय, त्यामुळे मी कमरेत मुरगळल्यासारखा दिसतो. पाठ मात्र कधी हिरवी झाली नाही. अँब्रोस अजून येतो, काटे चुकवून त्या डागावर बोट ठेवतो आणि मान खाली घालून जातो. माझा राग गेलेला नाही. पण तो आला नाही, तर मी वाट बघतो.

मित्रांनो, आम्ही आवडलो तर बघायला या. उचलून नेऊ नका. आणि उचलून नेलेल्या कुणाला परत लावायची वेळ तुमच्यावर आलीच, तर खड्डा खणण्याआधी त्याच्याभोवती एकदा फिरा. त्याची कोवळी बाजू कुठली, ते आधी बघा.