गॉथिक भाषेची नोंद

एका पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. पत्र पुण्याहून आलेलं, तिथे तयार होत असलेल्या एका ज्ञानकोशाच्या संपादकांचं. सुरुवात माझ्याकडूनच झाली होती. त्यांच्या नमुना पुस्तिकेत छापलं होतं की गॉथिक ही चर्चची टोकदार बांधणी, आणि तिच्यावरून एका भाषेलाही ते नाव पडलं. हे उलटं होतं. गॉथ लोक आणि त्यांची भाषा आधीची. बांधणीला ते नाव कितीतरी शतकांनी, तेही हिणवण्यासाठी दिलेलं. मी भीत भीत एक कार्ड टाकलं. उत्तर आलं, "आपण जाणकार दिसता. गॉथिक भाषेची नोंद आपणच लिहावी."

जाणकार कसला! सोलापूरच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचा निवृत्त ग्रंथपाल मी, शिक्षण मॅट्रिक. विलायतेला परत जाताना एका साहेबाने टाकून दिलेलं गॉथिकचं व्याकरण घरी आणलं आणि वाचत राहिलो, एवढंच. एखादा प्रोफेसर माझी नोंद वाचून हसेल, या भीतीने पत्र कपाटात गेलं.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात संपादकांचं परिपत्रक आलं. खंड महिनाअखेर छापायला जाणार होता. न आलेल्या नोंदी गाळणार होते. म्हणजे माझ्या भित्रेपणामुळे ही भाषा मराठीत आणखी एकदा मरणार. त्याच दुपारी मी लिहायला बसलो.

चौथ्या शतकात एका बिशपने गॉथ लोकांसाठी लिपी बनवली आणि बायबल त्यांच्या भाषेत आणलं. राजांच्या लढायांचा भाग त्याने वगळला म्हणतात. त्याच्या लोकांना भांडायला आणखी शिकवायची गरज नव्हती. पुढे जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने त्याची प्रत झाली. इथवर लेखणी चालली. मग लिहिलं, "राज्ये बुडाली, म्हणून भाषा बुडाली," आणि अडलो. इटलीतल्या गॉथांचं तसं झालं असेल. पण स्पेनमध्ये गॉथ राजे गादीवर असतानाच भाषा गेली होती. कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला.

तेवढ्यात अक्कलकोटकडच्या खेड्यातून माझी थोरली बहीण अक्कम्मा आली. आल्या आल्या तिने आमच्या घरच्या कन्नडमध्ये जेवण झालं का विचारलं. मी मराठीत म्हणालो, "झालं की."

"जीभ कुटं गहाण टाकलास रे? अव्वा हुती तवर बोलत होतास."

शेजारच्या गोजरबाई पाणी घेऊन आल्या. माहेर मोडनिंबचं, सात पिढ्यांत कन्नड नाही. पण आमच्या अव्वाजवळ, म्हणजे आईजवळ, बसून बसून शिकलेल्या. दोघींची कन्नडमध्ये अशी जुंपली की मला निम्मंच कळत होतं. मध्येच माझ्याकडे बघून हसल्या.

"काय म्हणताय माझ्याबद्दल?"

"न्हाय सांगत. शिकून घ्या की, आप्पा," गोजरबाई म्हणाल्या.

मला हसू आलं आणि एकदम आठवलं. त्यांना सांगितलं : सोळाव्या शतकात इस्तंबूलला एका परदेशी राजाचा वकील, म्हणजे राजदूत, होता. क्रिमियात गॉथांची बोली अजून जिवंत आहे असं ऐकून त्याने तिकडची दोन माणसं बोलावली. एक रक्ताने गॉथ, पण भाषा विसरलेला. दुसरा जन्माने ग्रीक, पण ती बोली बोलणारा. वकिलाने पाऊस, सूर्य, भाऊ, बहीण असे शब्द त्या ग्रीकाकडून लिहून घेतले. तेवढेच उरले.

"म्हंजे तू त्यो विसरभोळा," अक्कम्मा म्हणाली, "आन् गोजरा त्यो दुसरा."

"मग लिव्हा की ह्ये," गोजरबाई म्हणाल्या.

"ती भाषा माझी नाही हो. मी कोण लिहिणार?"

"कन्नड तरी कुटं माजी हाय? कुनाला इचारून बोलतीया मी? चुकलं की तुमची आई हसायची. हसली, तर हसली."

अक्कम्मा म्हणाली, "लई चुकायची. आता माज्यापरीस झ्याक बोलती."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. मी नवा कागद घेतला. आमच्या घरावर कोणी स्वारी केली नव्हती. शाळा मराठी, नोकरीत इंग्रजी, बायकोही सोलापुरात मराठीतच वाढलेली. आईशी बोलण्यापुरती उरलेली कन्नड तिच्यामागे गेली. मी लिहिलं, "स्पेनमध्ये राज्य टिकले, पण राजाने गॉथांचा वेगळा ख्रिस्ती पंथ सोडून रोमचा पंथ स्वीकारला आणि गॉथिक प्रार्थना मागे पडल्या. घरात लॅटिनच्या बोलीने सोय होत होती. भाषा कोणी हिसकावून घेतली नाही. ती वापरायची राहून गेली." 'बहुधा' हा शब्द तीनदा घातला, दोनदा खोडला. शेवटी इस्तंबूलचा ग्रीक घातला.

संध्याकाळपर्यंत नोंद पूर्ण झाली. सोबतच्या पत्रात उशिराबद्दल क्षमा मागितली, मॅट्रिक असल्याचंही कळवलं, आणि खाली लिहिलं, "चुका आढळल्यास दुरुस्त कराव्यात, लांबली असल्यास कापावी, पण नोंद गाळू नये."

स्टेशनजवळच्या टपाल खिडकीवर कारकून पाकीट तोलत म्हणाला, "साधं पाठवायचं का रजिस्टर?"

"रजिस्टर," मी म्हणालो. त्याने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.