पडद्याची आतली बाजू

"पाय जवळ घे आक्का, तुझ्या अंगावर दात येतायत," मास्तर म्हणाला.

आक्काचे पाय जवळ घेता येण्यासारखे नव्हते. तिने ते हातांनीच एकेक करून उचलले, भिंतीकडे सरकवले आणि म्हणाली, "घे. मांड तुझे दात."

मास्तरने कापडाचा पुढचा पट्टा खाटेवरून ओढून घेतला. कापड कसलं, जाड ताडपत्रीच ती. वर चकचकीत छपाई. हसणाऱ्या माणसांचे चेहरे, प्रत्येक चेहरा मास्तरच्या खोलीच्या दाराएवढा. एक खाट, एक शिलाई मशीन आणि एक स्टोव्ह एवढ्यावरच भरून जाणाऱ्या त्या खोलीत आता सगळीकडे गाल, कान आणि दातच पसरले होते. शाईला रॉकेलसारखा वास होता. मास्तरला दोरा दातांनी तोडायची जुनी सवय. दर वेळी तो वास जिभेवर उतरायचा.

शहरात जगभरच्या देशांची परिषद भरणार होती. आर्थिक सहकार्याची. पाहुण्यांमध्ये राजे होते, राष्ट्राध्यक्ष होते, बँकांचे मोठे लोक होते. मंडपवाल्याने टेम्पोभर कापड आणून टाकलं होतं आणि सांगितलं होतं, "मास्तर, पट्टे एकमेकांना जोडायचे, कडेनं दुमड घालायची, पितळी कड्या ठोकायच्या. टाके मजबूत पाहिजेत, उघड्यावर लागणार आहे." उघड्यावर म्हणजे कुठे, हे मास्तरने विचारलं नाही. मास्तर न विचारणाऱ्यांतला होता. सभागृहाच्या आवारात लागणार असेल, असं त्याने आपलं आपणच ठरवून टाकलं.

दुमडीची तुरपाई आक्का करत होती. कमरेखालचं अंग गेल्यापासून तिचे हात जास्तच चालायला लागले होते.

"माझ्याकडे 'सहकार्या' एवढंच आलंय," ती म्हणाली. एकेक अक्षर तिच्या हाताएवढं लांब होतं. "पुढचं कुठाय?"

"'तून' माझ्याकडे आहे. 'समृद्धीकडे' अजून गठ्ठ्यात."

"सहकार्य म्हणजे नक्की काय रे?"

"मी मशीन मारतो, तू तुरपाई करतेस. ते."

"आणि समृद्धी?"

"ती मंडपवाल्याकडे."

आक्का हसली. हसताना तिची नजर सवयीने खिडकीकडे गेली.

त्या खिडकीविषयी आधी सांगायला हवं होतं. तळमजल्यावरची, रस्त्यालगतची, मोठी खिडकी. अंथरुणाला खिळल्यानंतर आक्काने एकच मागणी केली होती, खाट खिडकीला लाव. तेव्हापासून रस्ता तिचा झाला. कोणाची सायकल पंक्चर झाली, कोणाची सून माहेरी निघाली, शाळेतल्या बाईंनी चष्मा कधी बदलला, सगळं तिला ठाऊक. थंडी असो वा धूळ, खिडकी बंद म्हणून झाली नाही.

आणि समोरच्या फुटपाथवर घड्याळवाल्याची टपरी होती. काचेची, निळ्या पत्र्याची, एक माणूस जेमतेम बसेल अशी. सकाळी टपरी उघडली की घड्याळवाला डोळ्यातलं भिंग न काढताच हात वर करायचा. आक्काही करायची. संध्याकाळी टपरी लावताना पुन्हा एकदा. आयुष्यात दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती. मध्ये रस्ता होता, आणि तो तिला ओलांडता येत नव्हता. त्याला का ओलांडावासा वाटला नाही, कोण जाणे. मास्तरसारखाच न विचारणारा असावा.

आक्काचं मनगटी घड्याळ त्याच्याकडे दुरुस्तीला होतं. कधीपासून, ते कोणी मोजत नव्हतं. मास्तर पलीकडे दोऱ्याची रिळं आणायला गेला की विचारून यायचा, आणि दारातूनच सांगायचा, "पार्ट आला नाही अजून."

"न येऊ दे," आक्का म्हणायची. "घाई कुणाला आहे!"

"तुझा घड्याळवाला लबाड आहे. एवढ्या वर्षांत माणसांचे पार्ट मिळायला लागले."

"माझा कशाला? मला वेळ कळावी म्हणून बघते मी तिकडे."

"बरं, बरं."

कापड शिवून झालं. मंडपवाला घेऊन गेला. खोली मोकळी झाली, वास मात्र राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर नळावरून बादली घेऊन येत होता, तर रस्त्याच्या कडेला खांब रोवलेले दिसले. मंडपवाल्याची माणसं शिडीवर चढून कापड ताणत होती. बघता बघता अख्खी चाळ पडद्याआड गेली. शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. "मास्तर, छान शिवलंय हो," त्या म्हणाल्या. "एक सुरकुती नाही. आम्ही मेलो तरी बाहेर कळायचं नाही."

मास्तर बादली तशीच टाकून मंडपवाल्याकडे गेला.

"हे इथे लावायचं होतं?"

"मग कुठे? पाहुण्यांच्या गाड्या इथूनच जाणार. चाळ दिसायला नको."

"अहो, पण आमची खिडकी..."

"तीन दिवसांचा प्रश्न आहे मास्तर. सगळ्या जगाचं काम आहे, तुमच्या एका खिडकीचं काय घेऊन बसलात?" आणि मग, जरा ओशाळून, "मला तरी आधी कुठे सांगितलं होतं?"

मास्तर घरात आला. खोलीत पिवळट अंधार होता. खिडकीच्या गजांपलीकडे हातभर अंतरावर कापडाची मागची बाजू, त्यावर शाईचे पाझरलेले डाग. आक्का त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ही दुमड मीच घातलेली आहे. टाके ओळखते मी."

मास्तरने स्टोव्ह पेटवला, चहा केला. चहालाही तोच वास आला. त्याने आपला कप मोरीत ओतून दिला.

शेजारच्या टीव्हीवर परिषदेच्या तयारीच्या बातम्या चालल्या होत्या. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. कोणी परदेशी पाहुणा बोलत होता आणि एक बाई त्याचं भाषांतर सांगत होती: देशादेशांमधले पडदे दूर झाले पाहिजेत, व्यापार मोकळ्या वाऱ्यासारखा वाहिला पाहिजे.

"वारा म्हणे," आक्का म्हणाली. कपाळावरचा घाम तिने पदराने पुसला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "टपरी लावायची वेळ झाली असेल का रे?"

मास्तर उठला. जन्मात त्याने कोणाचं कापड मापाबाहेर कापलं नव्हतं. त्याने मोठी कात्री घेतली, भिंत आणि पडदा यांच्यामधल्या बोळात अंग तिरकं करून शिरला आणि आक्काच्या डोळ्यांच्या रेषेत कापडाला एक अर्धचंद्र कापला. कापलेला तुकडा पापणीसारखा खाली लोंबला. उजेडाची एक चकती आक्काच्या तोंडावर पडली.

"दिसतंय?"

आक्काने मान तिरकी केली. मग हात वर केला आणि तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

"तिकडून तुझा हात दिसणार आहे का?"

"नसेल दिसत," ती म्हणाली. "तू तुझं काम कर."

सकाळी साहेब आले. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. मागे मंडपवाला, चेहरा पडलेला. साहेबांनी मास्तरला बाहेर बोलावलं.

"हे कुणी केलं?"

मास्तरने पहिल्यांदाच पडदा पुढून पाहिला. त्याच्या खिडकीसमोर एक हसणारा शेतकरी छापलेला होता, आणि मास्तरने आतून, न बघता, नेमका त्याचा वरचा दात कापला होता. अख्खा देश जगापुढे दात पडलेल्या तोंडाने हसत होता. शिडीवरचा एक माणूस खुदकन हसला. मास्तरलाही हसू आलं असतं, पण साहेब बघत होते.

"साहेब, बहीण आहे आत. खाटेवर असते. तिला जरा..."

"कॅमेरे लागणार आहेत इथे, समजतं का? हे तोंड जगभर दिसेल. तुम्हाला लाज वाटत नाही? शिवा ते. माझ्यासमोर."

"तीन दिवस तिला..."

"तुम्ही शिवताय, की खिडकीला बाहेरून फळ्या ठोकू?"

मास्तरने साहेबांच्या बुटांकडे पाहिलं. बूट स्वच्छ होते. आपल्याला किळस नक्की कशाची येते आहे, हे त्याला कळेना. त्या दातांची, त्या बुटांची, की आपल्या तोंडातून निघालेल्या "बरं साहेब"ची.

त्याने दाभण घेतलं, दुहेरी दोरा ओवला आणि रस्त्याकडे पाठ करून पडद्यासमोर उभा राहिला. फटीतून आक्काचा एक डोळा दिसत होता.

"बाहेरून शिवतोयस?"

"हो."

"बारीक टाके घाल. सैल घातलेस तर पुन्हा बोलावतील तुला."

त्याने पहिला टाका घातला, दुसरा घातला. पाठीमागे एक ट्रक येऊन थांबला. माणसं ओरडली, काहीतरी पत्र्याचं घासलं, काच फुटली. परिषदेच्या तयारीत गेले चार दिवस रस्त्यावर हेच चाललं होतं. मास्तरने मान वळवली नाही. साहेब शेजारीच उभे होते.

"थांब जरा," आक्का म्हणाली.

तो थांबला. तिचा डोळा त्याच्याकडे बघत नव्हता. त्याच्या कानावरून पलीकडे बघत होता.

"काय गं?"

ट्रक सुरू झाला आणि निघून गेला.

"शीव आता," ती म्हणाली.

"अगं, अजून हवं असेल तर बघ. मी हळू हळू..."

"नको. झालं बघून. शीव."

त्याने शिवलं. दात भरून निघाला. साहेबांनी चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि मान डोलावली.

परिषद झाली. गाड्या गेल्या, काळ्या काचांच्या. एकही काच खाली झाली नाही, हे वहिनी गच्चीवरून पाहून आल्या. घोषणापत्रावर सह्या झाल्या. भिंतीतून टाळ्या ऐकू आल्या, बराच वेळ. आक्का त्या दिवसांत टपरीविषयी काही बोलली नाही; डोळे मिटून पडून असायची. उकाड्याने असेल, असं मास्तरला वाटलं.

मग एका सकाळी पडदा उतरवला. कापड चाळीतच सोडून दिलं आणि त्यावर झुंबड उडाली. वहिनींना शेतकऱ्याचं तोंड मिळालं, ते त्यांनी सरपणावर घातलं. मास्तरने तुकडा घेतला नाही. तो रस्त्याच्या कडेला उभा होता. समोरच्या फुटपाथवर टपरीच्या जागी कुंड्यांची रांग होती. पाणी घालणारे गेले होते आणि झाडांनी माना टाकल्या होत्या.

कोणीतरी म्हणालं, उचललेल्या टपऱ्या महापालिकेच्या आवारात पडल्यात. मास्तर घरात न जाता तसाच चालत निघाला.

आवारात गाडे, खोकी, छत्र्या यांचा ढीग होता. कुजलेल्या भाज्यांचा वास मारत होता आणि माशा घोंगावत होत्या. निळी टपरी कुशीवर पडलेली होती. काच नव्हती. खण उघडे, रिकामे. घड्याळं अडकवायचे खिळे तेवढे ओळीने होते.

"तुमची आहे का?" रखवालदाराने विचारलं.

"नाही. एक घड्याळ दिलेलं होतं दुरुस्तीला."

"कधी?"

"बरीच वर्षं झाली."

रखवालदार हसला. "मग ते कधीच गेलं की हो आजोबा! त्यात परिषदेचा काय दोष?"

"टपरीवाला कुठे गेला?"

"त्या दिवशी ट्रकच्या मागे धावत आला होता. आरडाओरडा केला जरा. मग गेला कुठे तरी. इतके जण येतात, कुणाकुणाला विचारणार?"

मास्तर परतला तेव्हा खोलीत लख्ख ऊन होतं. आक्का खिडकीला पाठ करून पडली होती. हातांनी स्वतःला वळवून घ्यायला तिला किती कष्ट पडले असतील, ते विस्कटलेल्या चादरीवरून दिसत होतं.

"कुठे गेला होतास?"

"पलीकडे," मास्तर म्हणाला.

"मग?"

तो दारातच उभा होता. तोंडात अजून त्या शाईची चव होती.

"पार्ट आला नाही अजून."

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तेव्हा कुठे त्याला तो ट्रक आठवला, फुटलेली काच आठवली आणि त्याच्या कानावरून पलीकडे बघणारा तिचा डोळा.

"न येऊ दे," ती म्हणाली. "घाई कुणाला आहे!" आणि मग, "खिडकी लावून घे जरा. धूळ येते."

मास्तरने झडपा ओढल्या. इतक्या वर्षांत कधी लावल्याच नव्हत्या. कडी गंजली होती, कोयंड्यात जाईना. त्याने दोनतीनदा जोर लावून पाहिला. मग मशीनवरचं रीळ आणलं, दोरा दुहेरी केला आणि दोन्ही झडपा एकमेकींना बांधून टाकल्या. उरलेला दोरा तोडायला तो वाकला, पण दात न लावता त्याने कात्री मागितली, आणि आक्काने उशीजवळची कात्री चाचपून त्याच्या हातात दिली.