विहिरीवरचा सीन

अनघाला अलीकडे कशाचंच हसू येत नसे आणि तिचं काम तर लोकांना हसवण्याचं होतं. पोटापाण्यासाठी ती यवतमाळात एका वकिलांच्या ऑफिसात जाई. पण चार वर्षांपासून ती आणि तिचा मावसभाऊ सलील मिळून यूट्यूबवर 'आपल्याले हे आवडलं काहून?' नावाची मालिका चालवत होते. लहानपणी ज्या सिनेमांनी रडवलं ते पुन्हा पाहायचे आणि वऱ्हाडीत त्यांची खेचायची, एवढाच मामला. सलील कॅमेऱ्यासमोर बोले. काय बोलायचं ते अनघा लिही.

शंभराच्या वर भाग होऊन गेले होते. आंधळ्या आईला अचानक दिसायला लागतं, यावर तिनं अकरा वेळा विनोद केला होता. बारावा सुचत नव्हता.

अशात प्रेक्षकांनी 'आई, मी चोर नाही' हा सिनेमा मागितला. तीस वर्षांपूर्वीचा, अर्धाअधिक पुसदच्या आसपास चित्रित झालेला. अनघानं तो नेरला मामाकडे भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला होता आणि इतकी रडली होती की मामानं टीव्हीच बंद केला. आता सलीलनं कुठल्याशा जुन्या केबलवाल्याकडून त्याची सीडी मिळवली. त्यात विहिरीवरचा एक सीन होता. चोरीचा आळ आलेला पोरगा तांड्यावरच्या बायांना पाणी मागतो. खऱ्या तांड्यावरच्या खऱ्या बाया. त्यातली एक सगळं विसरून थेट कॅमेऱ्यात बघत राहते. अनघानं तिथं चित्र थांबवलं, त्या बाईच्या चेहऱ्यावर 'मले घरी जाऊ द्या' असं लिहिलं आणि पुढच्या सीनकडे वळली.

भाग बेताचाच झाला, पण ते चित्र गाजलं. लोकांनी त्याचं स्टिकर केलं. ऑफिसांच्या ग्रुपवर, शिक्षकांच्या ग्रुपवर, सगळीकडे ती बाई. एका सोमवारी तर वकीलसाहेबांनीच ते अनघाला पाठवलं. ते कुणाचं लिहिलेलं आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तीन महिन्यांनी एक निरोप आला.

'मॅडम, मी सेवादास. पुसदजवळच्या तांड्यावर राहतो, शिक्षक आहो. ज्या बाईवर तुम्ही लिहिलं ती माझी आई सुखीबाई. मी चार वर्षांचा असताना वारली. घरी तिचा एकही फोटो नाही. तो सिनेमा कुठंच मिळत नाही. लिहिलेलं काढून तेवढा सीन भेटेल काय? वडिलांना दाखवायचा आहे. लिहिलेलं त्यांना दाखवावं वाटत नाही.'

शिव्या असत्या तर सोपं होतं. शिव्यांची तिला सवय झाली होती. तिनं निरोप तीनदा वाचला आणि सलीलला दाखवला.

"सॉरी म्हण न क्लिप पाठवून दे," सलील म्हणाला.

"मी जाऊन देते."

"अगं, तीन तास बस. दोन मिनिटांच्या क्लिपसाठी?"

तिनं अख्खा सिनेमा पेन ड्राइव्हवर घेतला आणि रविवारी सकाळची पुसदची गाडी धरली. दिग्रसपर्यंत झोप लागली, पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटलं नाही.

सेवादास स्टँडवर मोटारसायकल घेऊन आला होता. तिशी ओलांडलेला, हळू बोलणारा माणूस. निघण्याआधी त्यानं मोबाइल दाखवला. आईचा म्हणून तोच चेहरा पडद्यावर लावलेला होता, खालची अक्षरं कापून. अक्षरांबरोबर हनुवटीही गेली होती, म्हणून वडिलांना अजून दाखवला नव्हता.

"हे लिहिताना मी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं," अनघा म्हणाली.

"तुमाले कसं माहीत असणार," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

घरी त्याचे वडील लालसिंग खाटेवर वाट पाहत बसले होते. सत्तरीचे, धुतलेलं धोतर नेसून. सेवादासनं पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. "बा, याडीचा पिच्चर आणला मॅडमनं." याडी म्हणजे आई, एवढं अनघाला ठाऊक होतं.

विहिरीचा सीन आला. चेहरा आला. सेवादासनं चित्र थांबवलं आणि बापाकडे पाहिलं.

लालसिंग बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे तं नंदा हाय."

"कोण?"

"तुही मावशी. नंदाबाई. लगन होऊन निजामाबादकडं गेली, तिकडंच मेली. तू कुठून पाह्यशीन तिले."

"पण शेजारच्या बुढीनं सांगतलं, हेच सुखी म्हणून."

"तिले दिसते काय आता. बहिणी बहिणी सारख्याच दिसत. पुढं चालव."

सेवादासनं चालवलं. चेहऱ्यामागून एक बाई निघाली, डोक्यावर दोन घागरी, अंगावर आरशांची ओढणी, कॅमेऱ्याकडे पाठ. चारपाच पावलं चालून ती चौकटीबाहेर गेली.

"हे सुखी," लालसिंग म्हणाले. "डावा पाय जरा बाहेर टाकते, पाह्य. त्या लोकाईनं सांगतलं होतं, कॅमेऱ्याकडं कोणी पाहू नका. सगळ्याइनं पाह्यलं. हिनं नाई पाह्यलं."

सेवादास चहाचं बघतो म्हणून आत गेला आणि लवकर बाहेर आला नाही. लालसिंगनी अनघाला खुणेनं सांगितलं, पुन्हा लावा. तिनं लावलं. ती पाच पावलं तिनं किती वेळा लावली कोण जाणे. प्रत्येक वेळी म्हातारा मान थोडी पुढे काढी, जणू या खेपेला ती वळेल.

मग ते म्हणाले, "आता पुढचं राहू द्या चालू. तवा पुरा पाह्यलाच नाई आमी."

सिनेमा पुढे चालू राहिला. देवळाची घंटा पडली, आंधळ्या आईला दिसायला लागलं, तिनं लेकराचा चेहरा चाचपला. लालसिंग धोतराच्या टोकानं डोळे पुसत होते. अनघा रडली नाही. तिला विनोदही सुचला नाही. ती नुसती थकल्यासारखी भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसली.

निघताना सेवादास स्टँडपर्यंत आला. त्याचे डोळे लाल होते, पण आवाज तसाच हळू.

"मॅडम, नंदामावशीचा तो चेहरा साफ करून वेगळा पाठवान काय? तिची लेकरं आहेत तिकडं. त्याइच्याजवळही फोटो नसन."

"पाठवते. आणि आमच्या भागातलं लिहिलेलं काढते. स्टिकर मात्र आता माझ्या हातात नाही."

"असू द्या. बायको चिडली होती स्टिकर पाहून, तिलेही मी हेच म्हटलं."

बसमध्ये सलीलचा फोन आला. पुढचा सिनेमा कोणता घ्यायचा, लोक विचारत होते.

"या महिन्यात नको," अनघा म्हणाली.

"तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे. थकली आहे मी, सलील."

तो म्हणाला, "मीही," आणि पोचल्यावर फोन कर म्हणाला.