तिसऱ्या पंपाची टिकटिक

माझी धाकटी दिवसभर कानाला स्क्रूड्रायव्हर लावून उभी असते. टोक चालत्या पंपावर, मूठ कानावर. आवाजावरून यंत्राचं आतलं दुखणं ओळखायचं, हे तिचं काम. त्यासाठी इंजिनिअरिंग केलं आणि वर कंपनांचा अभ्यासही केला. "म्हणजे नक्की काय करते?" असं कुणी विचारलं की मी लगेच विचारायची, चहा टाकू का?

परवा तिला बढती आली. मुख्य ऑफिसात खुर्ची, हाताखाली माणसं, कपड्यांना ग्रीसचा वास नाही. मला वाटलं, देव पावला. ही मात्र तोंड पाडून बसली.

"तिथे बसून मी ऐकू काय, आई?"

"माणसांचं ऐक. त्यांनाही आवाज असतो."

त्यावरून घरात अबोला. शुक्रवारी तिला उत्तर द्यायचं होतं आणि नेमका त्याच दिवशी बाईसाहेबांचा चष्मा घरी राहिला. चष्म्याशिवाय होकार कसा लिहिणार, म्हणून तो घेऊन मीच पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेले.

आत पंपांची ही घरघर. माझं डोकंच उठलं. ती तिसऱ्या पंपाशी वाकली होती, कानाला स्क्रूड्रायव्हर, डोळे मिटलेले. लहानपणी गोष्ट ऐकताना असाच चेहरा व्हायचा तिचा. मी दारातच थांबले.

मला पाहून तिने बोलावलं आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. आधी दुसरा पंप ऐकवला. सरळ, एकसारखी घरघर. मग तिसरा. तीच घरघर, पण मधूनमधून बारीक टिकटिक, दातावर नख वाजवावं तशी.

"याला काहीतरी टोचतंय गं," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बेअरिंगच्या गोळीचा टवका उडालाय. आज थांबवला तर नुसतं बेअरिंग बदलून भागेल. असाच चालू ठेवला तर अख्खा पंप बसेल." मग हळूच म्हणाली, "तुला ऐकू आलं, आई."

न यायला काय झालं? हिच्या खोकल्यावरून भिंतीपलीकडून ताप ओळखलाय मी. मी चष्मा काढून तिच्या हातात ठेवला.

"मग ऑफिसला काय कळवू?" तिने चष्मा डोळ्यांवर चढवत विचारलं.

"आधी हा पंप बंद कर. आणि त्यांना सांग, दुसरं कुणी बघा."

संध्याकाळी माझ्या बहिणीचा फोन आला. "चालून आलेली खुर्ची नाकारली? आणि तूही मान डोलावलीस? अगं, ती पोरगी नक्की करते तरी काय?"

मी खुर्ची ओढून बसले आणि दुसऱ्या पंपापासून सुरुवात केली. बेअरिंगपर्यंत आले तेव्हा बहीण म्हणाली, चहा टाकायचाय. मी तिला फोन ठेवू दिला नाही.