पंपाची सुई राहिली

मी एक फुटबॉल बोलतोय. लोकांना वाटतं, लाथा खाऊन खाऊन हा निर्ढावलेला असेल. खरं सांगतो, लाथेची मला कधीच भीती वाटली नाही. मला भीती वाटते सुईची.

माझा जन्मच सुईने झाला. एका लांबट खोलीत बाकांवर बसून बायका फुटबॉल शिवायच्या. त्यातल्या एका मावशीने मला तुकड्यातुकड्याने जोडलं आणि आत रबरी फुगा बसवला. शेवटचे टाके उरले तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "आता माझ्याशी बोलू नकोस गं. सुई जरा खाली गेली की सगळी मेहनत पाण्यात." ती श्वास रोखून शिवत होती आणि सुईचं टोक माझ्या फुग्याला चाटून जात होतं. तेव्हा जो घाबरलो, तो घाबरलोच.

पुढे एका दुकानात जाळीत टांगलेला होतो. एक दिवस एक ड्रायव्हरकाका आले. त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, परदेशात एका लहानशा गावात नर्स होती. काका-काकू पहिल्यांदाच तिच्याकडे निघाले होते आणि तिथल्या मुलांसाठी काय न्यावं, हे काकांना ठरवता येत नव्हतं. माझ्याखाली उभे राहूनच त्यांनी तिला स्पीकरवर फोन लावला.

"चॉकलेटं घेऊ का गं?"

"नको बाबा. मी देऊन बघितली. चॉकलेट घेतात आणि पळतात. शाळेत लस टोचायला गेले की पोरं संडासात लपून बसतात. मला 'सुईवाली' म्हणतात इथे."

"मग ही गाडी घेतो. बटण दाबलं की पळते."

"सेल संपले की इथे मिळत नाहीत. आणि एकाला दिली की बाकीचे रडणार. मी शाळेच्या बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, फुटबॉल आणा, सगळ्यांना मिळून एक. यांचा फाटलाय, त्यात चिंध्या कोंबून खेळतात. हवा काढून आणा, म्हणजे बॅगेत मावेल. आणि पंप, सुई विसरू नका." मग ताईचा आवाज खाली आला. "तुम्ही आलात की दोन दिवसांनी लस आहे. मागच्या वेळी निम्मी पोरं तशीच राहिली. त्यातली एक नंतर खूप आजारी पडली, बाबा. या वेळी तरी पोरं माझ्यापाशी थांबायला हवीत."

दुकानदाराने त्याच्याजवळची पंपाची पोकळ सुई माझ्या तोंडात, म्हणजे हवेच्या भोकात, खुपसून माझी हवा काढली. माणसं सहज म्हणतात, अमक्याची हवा गेली. ती जाते तेव्हा कसं वाटतं, ते मला विचारा. मी पापडासारखा चपटा झालो. काकांनी मला आणि नव्या पंपाला पिशवीत टाकलं. सुई मात्र दुकानदाराच्याच खिशात गेली.

घरी काका अंघोळीला जाता जाता ओरडले, "अगं, सुई तेवढी आठवणीने ठेव."

"ठेवली हो. चांगली जाड बघून ठेवली."

काकू घरी शिवणकाम करायच्या. त्यांनी काय ठेवलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. गोणी शिवायची, बोटाएवढी लांब, लखलखीत सुई. कापडाच्या तुकड्यात टोचून त्यांनी ती माझ्या शेजारीच ठेवली. मला ओरडावंसं वाटलं. पण अंगात हवा नसलेल्याचा आवाज कोण ऐकतो? सबंध प्रवासात बॅगेला धक्का बसला की ती सुई माझ्याकडे थोडी सरकायची. मी मनात म्हणायचो, आता गेलो.

ताईच्या गावातल्या शाळेच्या मैदानात मुलं गोल करून उभी राहिली. ताईपासून चार हात लांबच. काकांनी मला काढलं, पंप काढला आणि हात पुढे केला. "दे गं सुई."

काकूंनी मोठ्या तोऱ्यात सुई दिली. काका बघतच राहिले. "ही? हिने काय करू, बटण लावू याला?"

"मग कसली?"

"पंपाची गं."

"तसं सांगायचं होतं. नुसतं सुई म्हणालात. माझ्या घरात सुई म्हणजे हीच."

उन्हात सुई चमकली आणि मुलं भिंतीपर्यंत मागे सरली. त्यातलं कुणीतरी काहीतरी बोललं. "काय म्हणतोय?" काकूंनी विचारलं.

"म्हणतोय, हिची आईसुद्धा सुईवालीच निघाली," ताई म्हणाली. ती हसली, पण तिचा चेहरा उतरला होता.

काका घाईला आले होते. "थांब, हिने उघडतंय का बघू," म्हणत त्यांनी ती जाड सुई माझ्या तोंडाशी आणली. मावशीचा तो रोखलेला श्वास मला आठवला. माझं सगळं रबर आक्रसून गेलं.

"बाबा, नका. फुटेल तो."

ताईने आपली पिशवी उघडली. भलीमोठी कोरी सिरिंज काढली आणि तिला एक सुई लावली. "हिला टोक नाही. बाटलीतलं औषध ओढून घ्यायची बोथट सुई आहे." पण मुलांना ते काय ठाऊक? सिरिंज पाहून दोघंतिघं थेट फाटकाकडे पळाली.

ताई मातीतच बसली. मला मांडीवर घेतलं आणि मुलांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मग आईकडे वळून मराठीत सांगितलं, "म्हटलं, आज मी कुणाला टोचत नाही. आज तुम्ही याला टोचा."

मुलं एकमेकांना पुढे ढकलू लागली. मग आखूड केसांची एक मुलगी पुढे आली. ताईने सुई पाण्यात बुडवून तिच्या हातात दिली. तिने ती अंगापासून लांब धरली आणि मीही अंग चोरलं. ती माझ्यावर वाकून हळूच पुटपुटली.

ताईचे डोळे भरून आले. "आई, टोचताना मी तिला म्हणते तेच ती याला म्हणतेय. घाबरू नकोस, तिकडे बघ, झालंच."

जन्मात पहिल्यांदा मला कुणी घाबरू नकोस म्हटलं. सुई आत गेली. दुखलं नाही. घोटभर हवा आली.

मग रांगच लागली. प्रत्येकाने एक-एक सिरिंज. काकू मराठीतच दटावत होत्या, "ए लबाडा, तू आत्ताच येऊन गेलास, हो मागे," आणि तो मागे होतही होता. उन्हं कलली तेव्हा कुठे मी गोल झालो. तोवर मुलं ताईच्या गुडघ्यांना टेकून बसली होती. दोन दिवसांनी लसीच्या रांगेतही ती थांबली.

आता माझा रंग उडालाय. टाके उसवले की ताई काकूंच्या त्या जाड सुईनेच शिवते. काकू ती इथेच ठेवून गेल्या. शेवटच्या टाक्याला ताईही श्वास रोखते. माझी भीती काही गेली नाही.

तुम्ही परदेशी निघालात आणि तिथल्या मुलांना काही द्यावंसं वाटलं, तर आधी तिथल्या माणसाला विचारा. आणि घरात सुई ठेवायला सांगाल, तेव्हा कुठली ते नीट सांगा.

आज पुन्हा लसीचा दिवस आहे. एकजण अजून संडासात लपतो. मुलं मला त्याच्या दारावर आपटतात, मग तो येतो. आखूड केसांच्या मुलीचा नंबर आलाय. तिने मला घट्ट पोटाशी धरलंय आणि माझ्या कानाशी म्हणतेय, घाबरू नकोस, तिकडे बघ.

आम्ही दोघंही तिकडे बघतोय.