काटे काढलेला मासा

मी पुंटी बोलतेय. वय चौदा, तोंडात दात दोन, तेही एकमेकांना कधी भेटत नाहीत असे. पुंटी हा आमच्या बंगालातला बोटभर मासा. अमिय पालित, म्हणजे माझे बाबा, यांनी मला चंदननगरच्या बाजारातून मासळीच्या पिशवीत घालून आणलं, म्हणून हे नाव.

दोन वर्षांपूर्वी हिरड्या सडल्या आणि डॉक्टरांनी एका दमात उरल्यासुरल्या तेरातले अकरा दात उपटले. तेव्हापासून बाबा स्वतः जेवायच्या आधी माझ्यासाठी रोहूचे काटे काढत, भातात कुस्करत, बोटानं भरवत. मा माशाचं डोकं चोखता चोखता म्हणायची, "माझ्यासाठी कधी एक काटा तरी काढलात का हो?"

"तुला बत्तीस आहेत की!" बाबा म्हणत.

आश्विनात बाबांना इस्पितळात न्यायला गाडी आली. उंबऱ्यात ते म्हणाले, "येतो, पुंटी." आमच्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, अशुभ मानतात. ही माणसांची रीत, कुत्र्याच्या जातीला काय कळणार? मी ते खरं मानलं. अजून दाराशीच बसते.

बाबा गेले आणि मासाही घरातून गेला. विधवेच्या चुलीवर मासा शिजत नाही. मा मला भोपळा-भात मऊ करून घालायची, मी तोंड फिरवायची. आधी हट्ट होता, मग भूकच मेली. बरगड्या वर आल्या.

"मासा दिला तर खाईल गं," मा नणंदेला, रमलाला म्हणाली.

"कुत्रीच्या नावाखाली आपली जीभ चाळवतेय वाटतं, बौदी!" रमला फिदीफिदी हसली.

त्या हसण्यापायी मा तीन आठवडे गप्प बसली. तिचा राग नाही मला. पण माझ्यापाशी तेवढेच आठवडे होते.

आज सकाळी ती स्वतः बाजारात गेली. अंगणात स्टोव्ह मांडून रोहू शिजवला. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून एकेक काटा चाचपून काढला. रमला दारात येऊन थबकली. "बौदी, हे काय गं!"

"जा, सांग गल्लीभर," मा म्हणाली. "माझं पोर उपाशी मरतंय."

वास ओळखीचा होता. पण घास घशाखाली उतरेना, तसाच बाहेर पडला. मी नुसती तिची बोटं चाटली. "खा ना गं, एवढा एक घास," ती म्हणत राहिली. मग तिला कळलं. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती रडली.

मा, आता नाही गं होत. कढईत दोन तुकडे उरलेत, काटे काढलेलेच आहेत. ते तू खा. आणि निघताना मी 'येते' म्हणणार नाही. दाराशी बसून वाट बघणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. मी जाते.